शायर परगण्याचा पूल

काल्पनिक प्रदेशांचे नकाशे पुष्कळ आढळतात. काल्पनिक प्रदेशांची गॅझेटियरे मात्र फार थोडी. नकाशाला चार डोंगर, दोन नद्या आणि एक समुद्रकिनारा पुरतो. गॅझेटियराला त्याहून बरेच काही लागते. रस्ते कोणी दुरुस्त करायचे, चौकीवर शिपाई किती, जमीन मुळात कोणाकडून आणि कोणत्या अटीवर मिळाली, साथ कोणत्या वर्षी आली आणि दुष्काळ कोणत्या वर्षी पडला, ह्या साऱ्याची नोंद तिथे असावी लागते. जे. आर. आर. टोल्कीन ह्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) ह्या त्रिखंडात्मक कादंबरीतील 'शायर' हा परगणा ह्या दुसऱ्या, दुर्मीळ प्रकारात मोडतो. आम्ही ही कादंबरी प्रथम वाचली ती कथेसाठी. त्यानंतर मात्र पुन्हापुन्हा उघडत राहिलो ती पहिल्या खंडाची प्रस्तावना आणि शेवटच्या खंडाची परिशिष्टे. पुष्कळ वाचक जी पाने ओलांडून पुढे जातात, नेमक्या त्याच पानांत आमचा मुक्काम अधिक झाला.

आरंभीच एक खुलासा. देवनागरीत हा शब्द गझल लिहिणाऱ्या 'शायर'सारखाच दिसतो, पण दोघांचा काही संबंध नाही. इंग्रजीत 'शायर' म्हणजे परगणा किंवा जिल्हा. वॉर्सेस्टरशायर, ऑक्सफर्डशायर ह्या नावांच्या शेवटी येतो तोच हा शब्द. टोल्कीन ह्यांनी आपल्या बुटक्या, अनवाणी, खादाड हॉबिट लोकांच्या मुलखाला विशेषनाम दिलेच नाही. त्याला ते नुसता 'परगणा' म्हणाले. ज्याला दुसरा परगणा ठाऊकच नाही, त्याला आपल्या परगण्यासाठी वेगळे नाव कशाला हवे? परगण्याचा सारा स्वभाव ह्या एका शब्दात आला आहे.

आता भूगोल. पश्चिमेच्या टेकड्यांपासून पूर्वेच्या ब्रँडीवाइन पुलापर्यंत चाळीस लीग आणि उत्तरेच्या माळरानापासून दक्षिणेच्या दलदलीपर्यंत पन्नास लीग. लीग म्हणजे साधारण तीन मैल धरले, तर हा मुलूख सुमारे १२० मैल रुंद आणि १५० मैल लांब होतो. ढोबळ आयत धरून गुणाकार केला, तर क्षेत्रफळ ४६ हजार चौरस किलोमीटरांच्या वर जाते. महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जो अहिल्यानगर जिल्हा, तसे पावणेतीन जिल्हे त्यात मावावेत. पुस्तक वाचताना मात्र शायर एखाद्या तालुक्याएवढाच वाटतो, कारण आपल्याला भेटणारे सगळेच एकमेकांच्या आत्याचे नाहीतर मामाचे कोणी ना कोणी असतात.

परगण्याचे चार भाग आहेत. त्यांना 'फार्दिंग' म्हणजे चौथाई असे नाव आहे. त्यांतल्या तिहींच्या सीमा जिथे मिळतात तिथे एक दगड रोवलेला आहे. दक्षिण चौथाई उबदार असून तिथे तंबाखूचे मळे आहेत. ही लागवड टोबोल्ड हॉर्नब्लोअर ह्या गृहस्थांनी शायर शकाच्या १०७० च्या सुमारास सुरू केली. पूर्व चौथाईत नदीकाठची भारी जमीन. नदीपलीकडे बकलंड ही जणू परगण्याची वसाहत. तिथले लोक होड्या वल्हवतात, म्हणून अलीकडचे लोक त्यांच्याकडे जरा संशयानेच पाहतात. पश्चिम चौथाईत मिचेल डेल्व्हिंग हे मुख्य गाव. हॉबिटांना टाकवत नाहीत पण वापरताही येत नाहीत अशा वस्तूंचे संग्रहालय तिथे आहे. जुनी शस्त्रे त्यातच जमा झालेली.

फॉकनर ह्यांनी १९३६ साली आपल्या योक्नापाटॉफा ह्या काल्पनिक परगण्याचा नकाशा काढला, तेव्हा त्यावर क्षेत्रफळ २,४०० चौरस मैल, गोरे ६,२९८ आणि निग्रो ९,३१३ अशी खानेसुमारी नोंदवली. त्या दोन आकड्यांतच त्या परगण्याची सारी शोकांतिका दडलेली आहे. टोल्कीन ह्यांनी शायरची लोकसंख्या कुठेही दिली नाही. वस्ती दाट आहे, शेती उत्तम आहे, घरे मुलाबाळांनी भरलेली आहेत, एवढेच ते सांगतात. पण एक आकडा त्यांनी नेमका दिला आहे, तो शिपायांचा. एवढ्या विस्तीर्ण परगण्यात अंतर्गत बंदोबस्ताला फक्त १२ शिपाई, दर चौथाईला तीन. त्यांना गणवेश नाही, टोपीत एक पीस खोवलेले तेवढेच. त्यांचा मुख्य उद्योग भरकटलेली गुरे परत आणण्याचा. सरकार म्हणावे असे काही नाहीच. दर सात वर्षांनी उन्हाळ्याच्या मध्यावर भरणाऱ्या जत्रेत एक महापौर निवडला जातो आणि मेजवान्यांचे अध्यक्षपद भूषवणे हेच त्याचे प्रमुख कर्तव्य. खानेसुमारीपेक्षा हा शिपायांचा आकडा आम्हाला अधिक बोलका वाटतो.

आम्ही राहतो तो ठाणे जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांहून अधिक. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर वेगळा झाला. एवढ्या माणसांच्या ह्या जिल्ह्याची हद्द नेमकी कुठून जाते, हे लोकलच्या डब्यात शेजारी बसलेल्या दहाजणांना विचारावे. दोघांना सांगता आले तरी पुष्कळ. उलट शायरची पूर्व हद्द कोणती, हे कादंबरी वाचलेला कोणीही झोपेतून उठवले तरी सांगेल. कारण त्या हद्दीवर एक पूल आहे, आणि परगण्याचा सगळा इतिहास त्या पुलावरून गेलेला आहे.

तो इतिहास असा. ब्री गावाकडून मार्को आणि ब्लांको हे दोघे भाऊ आपल्या लोकांना घेऊन पश्चिमेकडे निघाले. फोर्नोस्ट येथे उत्तरेचा राजा अर्गेलेब दुसरा राज्य करीत होता. त्याच्याकडून त्यांनी नदीपलीकडचा मुलूख मागून घेतला आणि जुन्या दगडी कमानींच्या पुलावरून नदी ओलांडली. ते तिसऱ्या युगाचे १६०१ वे वर्ष आणि शायर शकाचे पहिले. जमिनीच्या बदल्यात राजाने धान्य मागितले नाही, सैन्यही मागितले नाही. अटी मोजक्या होत्या. मोठा पूल दुरुस्त ठेवायचा, इतर पूल आणि रस्तेही राखायचे, राजाच्या जासुदांना वाट मोकळी करून द्यायची आणि त्याचे स्वामित्व मान्य करायचे. सनद म्हणावी तर एवढीच.

शके ३७ मध्ये महामारी आली. ती ओसरल्यावर वस्ती पुन्हा वाढली. पुढे उत्तरेचे राज्य बुडाले. शेवटच्या लढाईला आपण काही तिरंदाज पाठवले होते, असे हॉबिट सांगतात. माणसांच्या बखरीत मात्र त्याचा उल्लेख नाही. (कोणत्या गावाच्या इतिहासात असे तिरंदाज नाहीत?) राजा गेला तेव्हा त्यांनी 'थेन' नावाचा एक प्रमुख राजाच्या वतीने नेमला, शके ३७९ पासून ती परंपरा सुरू झाली. गादी रिकामी राहिली ती सुमारे हजार वर्षे. तरीही हॉबिट राजाचे कायदे पाळत राहिले. शिक्षा करणारा कोणी उरला नव्हता. कायदे जुने आणि न्याय्य आहेत, एवढे कारण त्यांना पुरेसे होते. पुलाची डागडुजीही चालू राहिली. ज्या जासुदांसाठी पूल राखायचा ते जासूद कधीच येणार नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्यांची मात्र सोय होत राहिली.

आमच्या मते शायरच्या इतिहासातील सर्वांत मोठी गोष्ट ही आहे. शके ११४७ ची ग्रीनफील्ड्सची लढाई, ११५८ ते ११६० ची उपासमार, १३११ च्या हिवाळ्यात गोठलेली नदी ओलांडून आलेले पांढरे लांडगे, हे सगळे नंतर. धन्याच्या पश्चात अट पाळली गेली, हा त्या परगण्याचा पाया.

त्याच पायाला पडलेली चीरही टोल्कीन लपवीत नाहीत. पूल लक्षात राहिला, पहारेकरी विसरले गेले. बुडालेल्या राजघराण्याचे वंशज फाटक्या झग्यांत, रानोमाळ हिंडत परगण्याच्या सीमा राखत होते. वाटेत दिसले तर हॉबिट त्यांना भटके समजत. शायरमध्ये काढलेल्या नकाशांत हद्दीपलीकडे बहुतेक कोरी जागा असे. शांतता हा जगाचा स्वभावच आहे आणि ती आपल्या शहाणपणाची कमाई आहे, असे हळूहळू सर्वांना वाटू लागले. आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी, विसंगती न ठेवता, नीटनेटक्या मांडलेल्या असल्या तरच त्यांना पुस्तक आवडे.

अशा परगण्याचा नाश कसा होतो? टोल्कीन ह्यांचे उत्तर आम्हाला फार मार्मिक वाटते. तो सैन्याने होत नाही, खरेदीखतांनी होतो. दुसऱ्या खंडातच त्याची खूण पेरून ठेवली आहे. उद्ध्वस्त झालेल्या आयझेनगार्डमध्ये मेरी आणि पिपिन ह्यांना दक्षिण चौथाईच्या तंबाखूची पिंपे सापडतात, १४१७ सालच्या पिकाची. दोघे आनंदाने चिलीम पेटवतात. परगण्यातला माल शत्रूच्या कोठारापर्यंत कसा आला, हा प्रश्न तेव्हा नुसता धुरासारखा तरळून जातो. उत्तर शेवटच्या खंडात मिळते. लोथो सॅकव्हिल-बॅगिन्स ह्या तिथल्याच एका वारसदाराने माल बाहेर विकून पैसा केला होता. त्या पैशातून त्याने गिरण्या, खानावळी, शेते, मळे विकत घेतले. मग मालाच्या गाड्यांबरोबर बाहेरची दांडगी माणसे आली, मग नियमांच्या याद्या भिंतींवर लागल्या आणि अखेरीस सारुमान स्वतः आला. तोवर लोथो आपल्याच घरात कैदी झाला होता.

३० ऑक्टोबर १४१९ च्या रात्री चौघे मित्र जग वाचवून परततात, तेव्हा त्यांना पहिल्यांदा काय दिसते? पुलाच्या दोन्ही टोकांना खिळे ठोकलेले दरवाजे. हजार वर्षे ज्या पुलाची वाट मोकळी ठेवणे हीच जमिनीची अट होती, तो पूल बंद. आणि दरवाजाआड उभे आहेत ते हॉबिटच, घाबरलेले, हुकूम आहे म्हणून सांगणारे. ज्यांच्या पूर्वजांनी हुकूम देणारा नसतानाही कर्तव्य केले, त्यांचे वंशज आता हुकमाकडे बोट दाखवून कर्तव्य टाळत होते. शायरचा ऱ्हास मोजायला आणखी वेगळे माप नको.

३ नोव्हेंबरला बायवॉटरची लढाई झाली. १९ हॉबिट पडले, तीसएक जखमी झाले. लढाईत भाग घेतलेल्या सर्वांची नावे परगण्याच्या इतिहासकारांनी मुखोद्गत केली, असे टोल्कीन नोंदवतात. २००३ सालच्या चित्रपटात हे सगळे प्रकरण गाळले आहे. तिथे चौघे परत येतात तो हिरवागार शायर जसाच्या तसा असतो. पडद्याच्या सोयीने ते ठीक असेल. परंतु त्यामुळे शायर हा सुखान्त कथेचा पडदा होतो, परगणा राहत नाही. ज्याला काही होऊच शकत नाही, त्याला इतिहास कसला?

लढाईनंतर सॅम आपली गल्ली पाहायला जातो. बॅगशॉट रो ही टेकडीच्या पोटातली गरिबांची वस्ती; त्याचा म्हातारा बाप तिथे राहत असे. त्या जागी वाळू आणि खडीची प्रचंड खाण झालेली असते. ह्या वाक्यापाशी आम्ही तिघे भावंडे अलीकडे पुन्हा थांबलो. त्याला कारण आहे.

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. आमच्या लहानपणी पऱ्ह्यावर साकव असे आणि पावसाळ्यात पाण्याने मोडलेला तो साकव दरवर्षी घरटी एक माणूस देऊन पुन्हा घातला जाई. पुढे सिमेंटचा पूल झाला, सोय झाली. त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. गावच्या वरच्या अंगाला आमच्या घराण्याची सामायिक वरकस जमीन आहे. सातबाऱ्यावर सतरा नावे. ती चिरेखाणीला द्यावी असा प्रस्ताव आला असून संमतिपत्रावर सह्या गोळा होत आहेत. गावात राहणारे आमचे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते सही करून बसले आहेत. फोनवर ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही गणपतीला चार दिवस येता, हिरवं बघता आणि जाता. कातळावर गवतापलीकडे काही होत नाही. मुलीच्या शिक्षणाला पैसा लागतो, तो हिरव्यातून येत नाही."

दादांना लोथो म्हणणे अन्यायाचे होईल. लोथोला हाव होती. दादांना गरज आहे. शिवाय शायरचे चित्रही निर्दोष नाही, हे मान्य केले पाहिजे. त्या चित्रात बॅगिन्स आणि टूक ह्यांच्या मेजवान्या दिसतात. शेतात राबणाऱ्यांचे दिवस क्वचितच दिसतात. टोल्कीन ह्यांना स्वतःला ह्याची जाणीव असावी, नाहीतर परगण्याचा पुढचा महापौर त्यांनी माळ्याच्या पोराला, सॅमला, केले नसते. खाण मात्र खणली जाते ती नेहमी वाड्याखाली नव्हे, गल्लीखाली. आमच्या प्रस्तावित खाणीच्या खालच्या अंगालाही घरे आहेत ती सतरा नावांपैकी कोणाची नाहीत. ती जुन्या कुळांची आहेत. त्यांची विहीर त्या कातळातून झिरपणाऱ्या पाण्यावर चालते. त्यांच्या सह्या कोणी मागितलेल्या नाहीत, कारण कायद्याने त्या लागत नाहीत.

मालकी आणि अट ह्यांत फरक आहे तो इथे. सातबारा सांगतो जमीन कोणाची. ती कशासाठी आणि कोणाच्या भरवशावर मिळाली हे त्या कागदावर नसते. ते पाळले तरच शिल्लक राहते. आम्ही तिघांनी अद्याप सही केलेली नाही. दादांना कळवले आहे की मुलीच्या शिक्षणाचा भार आम्ही वाटून घेऊ, आणि जमिनीचा विषय खालच्या घरांना बोलावून, सर्वांसमक्ष काढावा. त्यांचे उत्तर यायचे आहे. सतरांत तिघांचे वजन ते किती, हेही आम्ही जाणतो.

असो. टोल्कीन ह्यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १८९२ साली दक्षिण आफ्रिकेत ब्लोमफाँटेन येथे झाला आणि १८९६ पासून चार वर्षे त्यांनी बर्मिंगहॅमबाहेरील सेअरहोल ह्या खेड्यात काढली. पाणचक्की, ओढा, कुरणे असा तो मुलूख. १९११ साली तो भाग बर्मिंगहॅम शहराच्या हद्दीत गेला. शायरची नासधूस हे महायुद्धोत्तर इंग्लंडचे रूपक आहे, हे मत त्यांनी १९६० च्या दशकातील दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्टपणे नाकारले. मात्र बालपणीचा आपला मुलूख दहा वर्षांचे होण्याआधीच बकाल होऊ लागला होता, हेही तिथेच नोंदवले. सेअरहोलची चक्की पुढे पडायला आली, तेव्हा तिच्या जीर्णोद्धाराच्या निधीला त्यांनी हातभार लावला. १९६९ पासून तिथे संग्रहालय आहे. काल्पनिक परगण्याला पूल देणाऱ्या लेखकाने खऱ्या गावातल्या चक्कीच्या दुरुस्तीला पैसे दिले, ह्यात आम्हाला एक प्रकारची सुसंगती दिसते.

आणि परगण्यातही शेवटी दुरुस्तीच झाली. गुंडांच्या पाडलेल्या घरांच्या विटांनी बॅगशॉट रोची बिळे आतून बांधून काढली. आयुष्यभर हावरट म्हणून नावे ठेवलेल्या लोबेलियाने, लोथोच्या आईने, आपला उरलेला पैसा बेघर झालेल्यांसाठी ठेवला. सॅमने तोडलेल्या झाडांच्या जागी रोपे लावली. फ्रोडोने शिपायांची भरमसाट वाढवलेली संख्या पुन्हा पहिल्यासारखी केली. एवढे करून तो स्वतः मात्र तिथे सुखाने राहू शकला नाही. परगणा वाचला, पण त्याच्यासाठी नव्हे.

परिशिष्टातील एक छोटी नोंद आम्हाला सर्वांत प्रिय आहे. उत्तरेचे राज्य पुन्हा उभे राहिले आणि नवा राजा एलेसार ह्याने शके १४२७ मध्ये फर्मान काढले की माणसांनी शायरमध्ये प्रवेश करू नये. १४३६ साली तो स्वतः उत्तरेस आला. ज्या भटक्यांनी परगण्याच्या सीमा राखल्या, त्यांचा हा एके काळचा नायक. हजार वर्षे ज्याच्या जासुदांसाठी पूल राखला गेला, तो राजा अखेर त्या पुलापर्यंत आला आणि तिथेच थांबला. हॉबिट मित्र पूल ओलांडून त्याला भेटायला गेले. फर्मान त्याचेच होते. मोडले असते तरी विचारणारा कोणी नव्हता. पण त्यानेही अट पाळली.